जोत्यातली पुळण

१

नाते गावात ठकूबाईच्या सारवणाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. शेण किती, माती किती, पाणी किती, हे तिच्या हातालाच कळायचं. सकाळी बैल बाहेर काढले की ती पदर खोचायची, पडवीपासून सुरुवात करायची आणि ऊन ओटीवर येईतो घरातली सगळी जमीन तिच्या हाताखालून जायची. शेवटची खोली होते न होते तोच पहिली वाळून खणखणीत झालेली असायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे असंच चाललं होतं, आणि त्यात बदल व्हायचं काही कारण नव्हतं.

नवी खोली मात्र वाळेना.

चैत्र सरत आला होता. परसातली माती भेगाळली होती, विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, आणि सकाळी सारवलेली ही खोली संध्याकाळी पायाला ओली लागत होती. ठकूबाईने शेण बदलून पाहिलं. राख घालून पाहिलं. दिवसभर दार-खिडकी सताड उघडी टाकून पाहिली. जमीन ओली ती ओलीच. भिंतीलाही हातभर उंचीपर्यंत लोणा चढला होता. शिवाय सकाळी दार उघडावं तर सारवणावर पांढरट वाळूची कणी पसरलेली, कुणी मुठीने भुरभुरावी तशी. एकदा तिने ती बोटाने टिपून जिभेला लावली. खारट होती.

"नवी जागा हाय. बसायला येळ लागतोच," तिचा नवरा महिपत दात कोरत म्हणाला.

ठकूबाईला त्याचं एवढं बोलणंही पुरलं. तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. जमीन का वाळत नाही हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्या जमिनीखाली काय घातलंय ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ते आठवलं की हातातला शेणाचा गोळा कुणाच्या तरी तोंडावर मारावासा वाटायचा. कुणाच्या, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

२

वाळू आणली मुरारीने. मुरारी म्हणजे महिपतचा धाकटा भाऊ. मुंबईत गिरणीत होता, तिथून परत आला तो मनगटावर घड्याळ आणि तोंडात 'टायम', 'परमिट', 'लाईन' असले शब्द घेऊन. त्या साली महाडपासून पोलादपूरपर्यंत आणि वर आंबेनळीच्या घाटात जिकडेतिकडे मोऱ्या आणि कठडे बांधायची कामं निघाली होती. ठेकेदारांना वाळू पुरत नव्हती. मुरारीने कुठून तरी शोध लावला की सावित्री जिथे समुद्राला मिळते तिथे मैलभर पांढरी पुळण पडली आहे आणि तिला विचारणारं कुणी नाही.

"समुद्र काय सात-बारा घेऊन बसलाय?" तो म्हणायचा.

वाळूने भरलेल्या होड्या, पडाव, भरतीबरोबर खाडीतून वर यायच्या, दासगावच्या धक्क्याला लागायच्या, आणि तिथून बैलगाड्या निघायच्या. मुरारी पाण्याजवळची ओली वाळू घेत नसे. भरती पोचत नाही तिथली वरची कोरडी, मऊ वाळू तेवढी तो खरवडून आणायचा. माघात भावाने लेकीच्या बाळंतपणासाठी खोली वाढवायला काढली, तेव्हा जोत्याच्या भरावासाठी त्याने गाड्या थेट दारात आणून ओतल्या.

पहिल्याच गाडीतून अंडी निघाली. पांढरी, गोल, लिंबाएवढी, साल चिवट. गड्यांनी आधी हातात घेऊन दाबून पाहिली, मग गोठ्याच्या भिंतीवर नेम धरून मारायला सुरुवात केली. भिंतीवरून पिवळं ओघळायला लागलं. कुत्री जमली.

"अवो, जीव हाय त्यांच्यात," ठकूबाई नवऱ्याला म्हणाली. "नदीकाठच्या वाळूत तरी नेऊन पुरा."

"तू बसतेस काय त्यांच्यावर, खुडूक कोंबडीगत?" महिपत म्हणाला, आणि गडी हसले. मग त्याने धुम्मस उचलली आणि उरलेल्या अंड्यांसकट भराव ठोकायला लागला. ठोक्यागणिक खालून एक बुळबुळीत आवाज यायचा. ठकूबाई आत निघून गेली, पण आवाज घरभर येत होता.

त्या दिवशी जेवताना मुरारीला कथा सांगायची हुक्की आली.

"वयनी, तुला गंमत सांगतो. आमी पार खडक उघडा पडेपर्यंत वाळू भरली. अन दिस बुडताना ही बया आली ना पान्यातनं. सुपाएवढी कासवी. आपली जागा शोधते. अन जागा हाय कुठं? नुसता खडक. तर खडकावर खरडतेय, खरडतेय. पायातनं रगत यायला लागलं, पन थांबायचं नाव नाय. शेवटी तितंच उघड्यावर अंडी टाकली. अन त्यावर वाळू ढकलल्यागत हात मारतेय. वाळू पडावात, अन ही बाई हात मारतेय."

महिपतला हसता हसता ठसका लागला.

"मग तुमी काय केलंत?" ठकूबाईने विचारलं.

"काय करनार? उताणी टाकली. मजा म्हनून. आमी पडाव सोडला तवा पन ते हात चाललेच व्हते."

ठकूबाईने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि मुरारीला पुन्हा वाढलं नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललीही नाही. ते त्याच्या लक्षातही आलं नाही, आणि याचा तिला जास्त संताप आला.

३

वैशाख लागताच मैना पहिल्या बाळंतपणासाठी आली. तिला पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिली होती. नवरा मुंबईत, सासू तापट. ठकूबाईची ही एकुलती एक लेक, आणि बऱ्याच नवससायासांनी पोट पिकलेलं. तिची बाज माजघरात टाकायची असं ठकूबाईने ठरवलं होतं.

"मग नवी खोली काय गवत ठेवायला बांधली?" महिपत म्हणाला. "तिच्या सासरची मानसं येतील. बघूंदेत की."

मैनेलाही खोली आवडली. बाहेर डोळ्यांपुढे काजवे चमकतील असं ऊन, आणि आत गारवा. "आये, हितं बरं वाटतं," ती म्हणाली, आणि ठकूबाईला तोंड मिटून घ्यावं लागलं.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो दुपारी. पुरुष शेतावर राब भाजायला गेले होते. ठकूबाई लेकीच्या पायांना तेल लावत होती. जमिनीखालून, बाजेच्या पायथ्याच्या कोपऱ्यातून आलं, खर्र. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, खर्र. कुणीतरी जड हाताने एकदा खरवडावं, दम खावा, आणि पुन्हा खरवडावं.

घूस असणार. नव्या भरावात घुशी शिरतातच. ठकूबाई काही भित्री बाई नव्हती. तिने पिंजरा मागवला, त्यात सुकट अडकवली आणि कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सुकट जशीच्या तशी होती, दारही उघडंच होतं, आणि पिंजरा वरपर्यंत वाळूने भरलेला होता.

घूस माती उकरते, ती उडाली असेल. तिने मनाला समजावलं, पिंजरा परसात नेऊन उलटा केला आणि पुन्हा काही लावला नाही.

"दमली बिचारी," मैना बाजेवरून म्हणाली.

"कोन दमली?"

मैनेने आईकडे गोंधळून पाहिलं. "काय म्हनलीस?"

"तूच म्हनलीस. कोन दमली?"

"मी कुटं बोलले गो, आये?"

ठकूबाईने विषय वाढवला नाही. गरोदर बाईला छळू नये. पण तेलाची वाटी उचलताना तिने वळून त्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि पाहिलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

४

मग मैनेचे हात चालायला लागले.

दुपारी जेवून ती कुशीवर झोपायची आणि थोड्या वेळाने तिचे दोन्ही हात गोधडीवर हलायला लागायचे. तळवे बाहेरच्या बाजूला वळवलेले. एक हात ओढायचा, मग दुसरा, आणि मागे झटका. पुन्हा एक, पुन्हा दुसरा. चेहरा मात्र गाढ झोपेतला. ठकूबाईने हात धरून पाहिले. तेवढ्याशा पोरीच्या हातांत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, ते तिच्या मुठीतून सुटून चालतच राहिले. जागी झाल्यावर मैनेला बोटं दुखायची. नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

ठकूबाईने नवऱ्याला सांगितलं. त्याने पानाला चुना लावता लावता ऐकलं.

"मुरारीची कथा तुझ्या डोस्क्यात बसलीय. अन आता लेकीच्या डोस्क्यात घालू नको."

हे खरंही असेल, असं तिला वाटून गेलं. तिने मैनेला ती गोष्ट कधी सांगितली नव्हती, पण घरात भिंतींनाही कान असतात. मनातलं खूळ मनात ठेवलं की वाढतं. उकरून बघितलं की आत काही नाही हे दिसेल आणि सुटेल, असा तिने विचार केला. महिपत आणि मुरारी महाडच्या बाजाराला गेले, त्या दिवशी तिने मैनेला पडवीत तांदूळ निवडायला बसवलं, कुदळ घेतली आणि पायथ्याच्या कोपऱ्यात घाव घातला.

वरचं सारवण ओलं. त्याखाली मुरूम, तोही ओला. त्याच्याखाली वाळू होती, आणि ती कोरडी ठणठणीत होती. कोरडी आणि ऊबदार. ठकूबाईने हात घातला. कोपरापर्यंत गेला. बोटांना गोल गोल काहीतरी लागलं.

अंडी अख्खी होती.

तिने एक वर काढलं. अंगठ्याने दाबलं तर साल आत गेली आणि हळूहळू पुन्हा वर आली. ही अंडी तिच्यादेखत ठोकून फोडली होती. त्यांचा आवाज तिने ऐकला होता. एखाददुसरं वाचलं असेल, असं म्हणून तिने पुन्हा हात घातला. खांद्यापर्यंत घातला, गाल जमिनीला टेकेपर्यंत. अंडी खाली खाली चाललीच होती. एवढी आलीच नव्हती गाडीतून.

"घर खनतेस?"

महिपत दारात उभा होता. त्याच्यामागे मुरारी विडी ओढत होता. महिपतने तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं, खड्ड्यात पायाने वाळू लोटली आणि धुम्मस आणून ठोकायला लागला. खालून तोच आवाज. पडवीत मैनेने पोटावर हात दाबून धरला आणि ती वाकली. ठकूबाईने ते पाहिलं. एक ठोका, एक कळ. दुसरा ठोका, दुसरी कळ.

"थांबा," ती म्हणाली. "लेकीकडं बघा. थांबा म्हनते ना."

"आता झालंच."

"मी तिला माजघरात नेते. आत्ता."

"बाळंतपन ह्याच खोलीत हुईल," महिपत घाम पुसत म्हणाला. "घर माझं हाय. जमीन माझी हाय. तिच्यात काय घालायचं ते तुला इचारू?"

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाळू याची, खडक याचा, समुद्र याच्या भावाचा, आणि नऊ महिने भरलेली पोरगीही याचीच. धुम्मस हिसकावून त्याच्याच पायावर घालावी असं तिला वाटलं, आणि आपण ते केलं नाही याची चीड तिला पुढे बराच काळ पुरली. त्या वेळी ती लेकीला सावरायला धावली. कळा मागे गेल्या, पण मैनेने बाज हलवू दिली नाही. माजघरात नेलं की ती घाबरीघुबरी व्हायची, भिंती चाचपायची, आणि पुन्हा याच खोलीत यायची.

५

थोड्याच दिवसांनी एका सकाळी मैना बाळंत झाली. सुईण बयाबाई गावातली जुनी, हाताला यश असलेली. फार त्रास झाला नाही. मुलगी झाली. ओटीवरून महिपतने "काय?" म्हणून विचारलं, उत्तर ऐकलं, आणि पान जुळवायला बसला. ठकूबाईला त्या पान जुळवण्याचीही चीड आली. पण हातातलं लालबुंद, ओरडणारं पोर पाहून तिचा जीव भांड्यात पडला. ती त्याला न्हाऊ घालायला न्हाणीत घेऊन गेली.

या घराची एक रीत होती. बाळामागून पडलेली वार बाहेर पुरायची नाही. कुत्र्यामांजराने उकरली तर बाळाला बाधतं, म्हणून ती बाळंतिणीच्याच खोलीत, बाजेच्या पायथ्याच्या कोपऱ्यात सुईणीने पुरायची, वर हळदकुंकू आणि सुपारी ठेवायची. घरच्या माणसांनी तिकडे बघायचंही नाही. या खेपेला रीत मोडायची, बयाबाईला परसात पाठवायचं, असं ठकूबाईने घोकून ठेवलं होतं. पोराच्या अंगावर पहिला तांब्या ओतला आणि ते तिच्या डोक्यातून साफ गेलं. आठवलं तेव्हा ती ओल्या हातांनी धावली.

बयाबाई कोपऱ्यातून उठत होती. हात झटकत म्हणाली, "झालं गो. खड्डा खनून ठेवलास ते बरं केलंस."

"मी नाय खनला."

"मग मैनानं आसंल. लई सुबक खनलाय. तोंडाशी अरुंद, आत पोकळ, मडक्यावानी. वार ठेवली अन वाळू आपसूक खाली आली. मला हात लावायला लागला नाय."

वार उकरून काढावी असं ठकूबाईला वाटलं, पण पुरलेली वार उकरणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून आवाज थांबला. मैनेचे हात शांत झाले. जमीनही वाळली, इतकी की पायाखाली टणटण वाजायला लागली. महिपत मुद्दाम टाच आपटून दाखवायचा.

"बघ. बसली का नाय?"

सगळं ठीक होतं. पोर अंगावर पीत होतं, मैनेला दूध होतं, धुरीचा आणि वेखंडाचा वास घरभर होता. ठकूबाई रोज सकाळी खोली सारवत होती आणि सारवण वाळत होतं. तरी हात फिरवताना कोपऱ्यातली जमीन इतर जमिनीपेक्षा कोमट लागते, हे तिला कळत होतं. बाजेखालच्या शेगडीमुळे असेल, असं ती रोज स्वतःला सांगत होती.

६

पाचवी पुजून झाली होती. दुपारची वेळ. ठकूबाई हळिवाची खीर घेऊन खोलीत आली.

बाज रिकामी होती. मैना खाली जमिनीवर पालथी पडली होती, कोपऱ्याकडे तोंड करून. कोपऱ्यातलं सारवण फुटलं होतं आणि त्या जागी पांढरी वाळू सारखी करून ठेवली होती. मैनेचे हात कोपरापर्यंत वाळूने माखले होते. तळव्यांनी ती वाळू थोपटत होती, अगदी हलक्या हाताने.

"पोर कुठाय?" ठकूबाईने विचारलं.

"निजलीय," मैना म्हणाली. "ऊब लागते ना त्यांना."

खिरीची वाटी कुठे पडली हे ठकूबाईला कळलं नाही. ती गुडघ्यांवर पडली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागली. वाळू मऊ होती, पण जितकी काढावी तितकी कडेने खाली येत होती. हात खांद्यापर्यंत गेला. बोटांना एक टाच लागली. मग पाय. तिने दम धरून, हळूहळू, जसं बयाबाईने त्या दिवशी केलं होतं तसं, पोराला बाहेर घेतलं.

पोर जिवंत होतं. भुवयांत वाळू, ओठ घट्ट मिटलेले, पण छाती वरखाली होत होती. रडत नव्हतं. अंग गरम, आणि चेहरा असा निवांत की आपण त्याला झोपेतून उठवलं असं वाटावं. ठकूबाईने त्याला छातीशी धरलं आणि हाक मारली. ओटीवरून पायांचा आवाज आला. महिपत दारात येऊन थांबला, मागे मुरारी.

"काय झालं?"

ठकूबाईने एका हाताने पोर धरलं होतं, दुसरा हात अजून वाळूतच होता.

मैनेने मान वळवून आईकडे पाहिलं. तिच्या नजरेत वेडेपणा नव्हता. थोडी तक्रार होती, आईने काहीतरी अर्धवट केलं की मुलं बघतात तशी.

"एकलीच काढलीस, आये?" ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय?"

तेव्हा ठकूबाईचं बोट कुणीतरी धरलं. खाली, खोल, वाळूच्या आत. इवल्याशा मुठीने, नवं जन्मलेलं पोर धरतं तसं. मग अंगठाही धरला. मग मनगटाला काहीतरी लागलं, आणि आणखी काहीतरी.

हात ओढून घ्यावा असं तिला क्षणभर वाटलं. पण ओढला असता तर त्या मुठी सुटल्या असत्या, आणि सुटलेल्यांचं पुढे या घरात काय होतं ते तिने पाहिलं होतं. तिने दारात उभ्या असलेल्या दोघा भावांकडे पाहिलं. मुरारीच्या तोंडातली विडी विझली होती. महिपत तिच्याकडे बघतच नव्हता. तो खोलीच्या जमिनीकडे बघत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि उंबऱ्यावरचा पाय त्याने मागे घेतला होता.

"चूल पेटवा," ठकूबाई नवऱ्याला म्हणाली. "अन पानी तापवा. मोठ्या हंड्यात."

महिपत हलला नाही.

"घर तुमचं हाय ना?" ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण या घरात आल्यापासून गिळलेलं सगळं त्यात होतं. "जमीन तुमची. मग पानी तापवा. अन भावाला सांगा, घरातली सगळी लुगडी फाडून ठेव म्हनावं. पुरनार नाय एवढ्यात."

तिने पोर मैनेच्या कुशीत दिलं, पदर खोचला, आणि दुसराही हात वाळूत घातला.